लॅपटॉपचा एक भाग निकामी झाला, तर सोबत काय काय जाते?

हिरवा चाफा

नमस्कार. मी सांगलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. २०२१ साली, तास घरून घ्यावे लागत असताना, मी ५४,००० रुपयांना एक सडपातळ लॅपटॉप घेतला. गेल्या पावसाळ्यात तो निळा पडदा दाखवून मध्येच बंद पडू लागला. विंडोज नव्याने बसवूनही फरक पडला नाही. मग मेमरीची तपासणी केली आणि दोष रॅममध्ये असल्याचे कळले.

माझ्या आधीच्या, २०१३ सालच्या लॅपटॉपमध्ये असाच त्रास झाला होता. तेव्हा मागचे छोटे झाकण काढून मी रॅमची पट्टी बाहेर काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या आणि ती परत बसवली. पुढे दोन वर्षांनी तिच्या जागी दुप्पट क्षमतेची पट्टीही घातली. या वेळी संपूर्ण पाठ उघडली, तर पट्टी नव्हतीच. ८ जीबी मेमरीच्या चार काळ्या चिपा थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या होत्या. सेवा केंद्राने सांगितले की पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल आणि त्याला ३१,००० रुपये पडतील. प्रोसेसर चांगला, ग्राफिक्स चांगले, चार्जिंगचा भाग चांगला. चारपैकी बहुधा एकच चिप खराब, पण टाकून द्यायचा तो पूर्ण बोर्ड.

त्या दिवसापासून मी या विषयाचा माग काढते आहे. पूर्वी लॅपटॉप घेताना मी एकच प्रश्न विचारत असे, 'यात रॅम वाढवता येते का?' आता मला त्याहून मूलभूत वाटणारा प्रश्न असा आहे, की एक भाग निकामी झाला तर त्याच्यासोबत चांगल्या स्थितीतले किती भाग बाहेर जातात.

या जोडलेपणाचे मला सापडलेले सर्वांत ठळक उदाहरण ॲपलच्या 'बटरफ्लाय' कीबोर्डचे आहे. २०१५ ते २०१९ या काळातल्या अनेक मॅकबुकांत कळ इतकी उथळ होती की धुळीचा एखादा कणही तिच्याखाली अडकून बसे. मग कळ दबत नसे किंवा एका दाबात तेच अक्षर दोनदा उमटे. हा कीबोर्ड वरच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला रिव्हेटने पक्का केलेला होता आणि बॅटरीही त्याच सांगाड्याला आतून चिकटवलेली होती. त्यामुळे कीबोर्ड बदलताना सांगाडा आणि बॅटरीही बहुधा सोबतच बदलली जाई. जून २०१८ मध्ये कंपनीने त्यासाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली, २०१९ च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्रीच्या रचनेच्या कळा परत आणल्या आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात ५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. धुळीच्या कणापासून सुरू झालेला हा खर्च आहे आणि त्याचे कारण धुळीपेक्षा रचनेत अधिक आहे, असे मला वाटते.

याच कंपनीने २०१२ मध्ये दोन मॅकबुक प्रो शेजारी शेजारी विकायला ठेवले होते. जुन्या घडणीच्या यंत्रात रॅमच्या पट्ट्या, हार्ड डिस्क आणि बॅटरी हे सारे पेचकसाने निघत असे. नव्या रेटिना पडद्याच्या यंत्रात रॅम सोल्डर केलेली आणि बॅटरी चिकटवलेली होती. 'आयफिक्सिट' या दुरुस्तीविषयक संस्थेने त्याला १० पैकी १ गुण दिला. पुढची दहा वर्षे बहुतेक सगळ्या कंपन्या दुसऱ्या वाटेने गेल्या. हे तांत्रिक गरजेमुळे झाले की केवळ सोयीमुळे, हे जाणकारांकडून समजून घ्यायची माझी इच्छा आहे.

पाटाचे पाणी

मी बंगळुरूत बोर्डांच्या आराखड्याचे काम करतो, म्हणून 'तांत्रिक गरज की सोय' या प्रश्नाचे उत्तर मीच द्यायचा प्रयत्न करतो. दोन वेगवेगळ्या गोष्टी 'सोल्डर केलेली रॅम' या एकाच नावाखाली येतात आणि त्यांचा निवाडा वेगवेगळा व्हायला हवा.

पहिला प्रकार एलपीडीडीआर मेमरीचा. ही मुळात मोबाइलसाठी विकसित झाली. तिची वीज वाचते ती संकेत अतिशय कमी व्होल्टेजवर पाठवल्यामुळे. पण संकेत जितका क्षीण आणि वेगवान, तितका तो लांब मार्ग आणि पट्टी बसवायच्या खाचेतले धातूचे स्पर्श सहन करू शकत नाही. आपल्या परिचयाची, खाचेत बसणारी एसओ-डिम पट्टी नव्वदच्या दशकापासून त्याच ढोबळ स्वरूपात आहे. डीडीआर५, म्हणजे नेहमीच्या मेमरीची पाचवी पिढी, हिच्या पट्ट्या लॅपटॉपांत साधारणपणे सेकंदाला ४८०० किंवा ५६०० मेगाट्रान्सफरच्या वेगाने चालतात, तर सोल्डर केलेली एलपीडीडीआर५एक्स ७५०० किंवा ८५३३ पर्यंत जाते. ज्या यंत्रात ग्राफिक्स प्रोसेसरच्याच पोटात असते, तिथे हा फरक प्रत्यक्ष वापरात जाणवतो. इंटेलने २०२४ च्या 'लुनार लेक' प्रोसेसरात तर मेमरी थेट प्रोसेसरच्याच आवरणात बसवली, १६ किंवा ३२ जीबी, पुढे बदल नाही. त्यातून बॅटरीची बचत खरोखर झाली. मात्र ही रचना पुढच्या पिढ्यांत चालू ठेवणार नसल्याचे कंपनीने त्याच वर्षी सांगितले.

दुसरा प्रकार साधी डीडीआर४, म्हणजे त्याआधीच्या पिढीची नेहमीची मेमरी, बोर्डवर सोल्डर करण्याचा. हिरवा चाफा, तुमच्या वर्णनावरून, म्हणजे ८ जीबी आणि चार चिपा यांवरून, तुमचे यंत्र याच प्रकारातले दिसते. तीच मेमरी त्याच वेगाने खाचेतही चालली असती. इथे संकेतांचा प्रश्न नव्हता. खाच काढल्याने उंचीचे दोन-तीन मिलिमीटर वाचले, एक सुटा भाग कमी झाला, आणि जास्त रॅम हवी असणाऱ्याला सुरुवातीलाच महाग मॉडेल घ्यावे लागले. ज्या तडजोडीत ग्राहकाला काही मिळते तिचे समर्थन मी करीन. या तडजोडीचे मला करता येत नाही.

पहिल्या प्रकारावर तोडगा निघालेला आहे, ही चांगली बातमी. डेलने २०२२ मध्ये आपल्या प्रिसिजन यंत्रांत 'कॅम' नावाचा मेमरीचा नवा तुकडा आणला. तो बोर्डवर आडवा निजतो आणि स्क्रूच्या दाबाने त्याचे स्पर्शबिंदू खालच्या बिंदूंना टेकतात, त्यामुळे संकेताचा मार्ग पुष्कळच आखूड होतो. जेडेक या मानकसंस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर आधारलेले 'कॅम२' हे मानक प्रसिद्ध केले आणि २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत एलपीडीडीआर५एक्स या रूपात निघणारी मेमरी बाजारात आली. दोन पट्ट्यांचे काम हा एकच तुकडा करतो. म्हणजे 'वेग हवा तर सोल्डरच' हे विधान २०१८ मध्ये बरोबर होते, आज ते अपुरे आहे. उरला प्रश्न खर्चाचा. तो तुकडा महाग आहे आणि मागणी वाढल्याशिवाय स्वस्त होणार नाही.

सोल्डरचा धूर

पुण्यात बुधवार पेठेत माझे चिप लेव्हल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. चौदा वर्षे हेच काम करतो. वरची चर्चा मेमरीवर आहे, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या यंत्रांत मेमरीचा दोष क्वचित असतो. रोजच्या तक्रारी बिजागरी, चार्जिंगची पिन, कीबोर्ड, बॅटरी आणि पाणी सांडणे या आहेत, आणि ताईंचा 'सोबत काय जाते' हा प्रश्न तिथेच खरा लागू पडतो.

बिजागरीचे पाहा. पडद्याची बिजागरी लोखंडी असते, पण ती ज्यात घट्ट बसवलेली असते त्या पितळी नळ्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. तीन-चार वर्षांत बिजागरी कडक होते, प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि एके दिवशी झाकण उघडताना नळ्या प्लॅस्टिकसह उपटून येतात. बिजागरी शाबूत असते. तुटतो तो सांगाडा. नवा सांगाडा मागवायचा तर अनेक मॉडेलांत त्याच्यासोबत कीबोर्ड आणि टचपॅड येतो, किंमतही तशीच. म्हणून आमच्याकडे एम-सील किंवा इपॉक्सी लावून काम भागवले जाते. मी ते नाइलाजाने करतो, कारण लेप चुकून एखाद्या स्क्रूवर आला तर पुढच्या वेळी यंत्र उघडणेच कठीण होते. बिजागरी कडक वाटू लागली की लगेच तिचा नट सैल करून घ्यावा. ते काम वीस मिनिटांचे आहे आणि त्याने सांगाडा वाचतो.

चार्जिंगची पिन पूर्वी एका छोट्या वायरीच्या टोकाला असे. वायर काढा, दुसरी लावा, काम झाले. आता यूएसबी-सी पोर्ट बहुतेक यंत्रांत मदरबोर्डवरच सोल्डर केलेला असतो. चार्जर लावून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसण्याची सवय असेल, तर सगळा ताण त्या पोर्टच्या पायांवर येतो. पोर्ट बदलता येतो, पण त्याला गरम हवेचे यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि सराव लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात ते होईलच असे नाही. काही कंपन्या हा पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर देतात, आणि यंत्र निवडताना मी स्वतः आधी ते पाहतो.

कीबोर्ड. जुन्या थिंकपॅडमध्ये खालून दोन स्क्रू काढले की कीबोर्ड वर निघत असे. आज स्वस्त यंत्रांत तो प्लॅस्टिकच्या साठ-सत्तर बोंडांनी वितळवून बसवलेला असतो. आम्ही ती बोंडे छिन्नीने तोडतो, नवा कीबोर्ड ठेवतो आणि सोल्डरिंगच्या टोकाने पुन्हा वितळवतो. होते, पण पहिल्यासारखे घट्ट होत नाही.

आता मदरबोर्डविषयी. सेवा केंद्र 'बोर्ड बदला' म्हणते, कारण त्यांना भागाच्या पातळीवर काम करण्याची परवानगी आणि साधने दिलेलीच नसतात. तिथल्या मुलांचा यात दोष नाही. पुष्कळदा बोर्ड मेलेला नसतो. मुख्य वीजवाहिनीवरचा एखादा तिळाएवढा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. आम्ही त्या वाहिनीला अगदी कमी व्होल्टेज देतो आणि वर अल्कोहोल लावतो. जिथले अल्कोहोल आधी उडते तिथे दोष. हे काम काही शे रुपयांत होते. अडचण येते ती बोर्डचा नकाशा नसल्यामुळे. कंपन्या तो देत नाहीत, त्यामुळे आम्ही कारागीर एकमेकांकडून मिळवलेल्या फायलींवर काम चालवतो. नकाशा अधिकृतपणे विकत मिळाला तर मी आनंदाने पैसे देईन.

ताई, तुमचा बोर्ड कचऱ्यात देऊ नका. खराब चिप कोणती ते शोधता येते आणि तशीच चिप दुसऱ्या मृत बोर्डवरून काढून बसवता येते. क्षमता वाढवायचा विचार मात्र आत्ता करू नका, कारण बोर्डवरचे काही बारीक रेझिस्टर कोणती मेमरी आहे ते बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, सांगतात. तेही बदलावे लागतात आणि नकाशाशिवाय ते अंदाजाचे काम होते.

पोह्यांची पुरचुंडी

मुलगा यंदा अभियांत्रिकीला जाईल. वर एवढे वाचून भीती वाटते आहे. घेताना नेमके काय पाहायचे, हे कोणी सांगेल का?

सोल्डरचा धूर

दुकानात जाण्याआधी त्या मॉडेलचे देखभाल-पुस्तक उतरवून घ्या. लेनोवो, डेल आणि एचपी त्यांच्या बहुतेक मॉडेलांची ही पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवतात. त्यात सुट्या भागांची यादी किंवा भाग काढण्याचा क्रम असतो. तिथे कीबोर्ड स्वतंत्र दिसतो की हाताखालच्या सांगाड्यासकट, रॅम वेगळी दिलेली आहे की मदरबोर्डच्या नावातच '८ जीबी' लिहिलेले आहे, वायफाय कार्ड निघते का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे का, एवढे पाहिले तरी यंत्राचा स्वभाव कळतो. एक खाच आणि उरलेली रॅम सोल्डर केलेली, अशी यंत्रे बरीच आहेत. ती वाईट नाहीत, पण सोल्डर केलेला भाग बिघडला तर ताईंसारखीच वेळ येते. दोन्ही खाचा असतील तर उत्तम.

ईझारकाठचा

मी म्युनिकमध्ये राहतो आणि तीन वर्षे फ्रेमवर्क लॅपटॉप वापरतो आहे. 'सोबत काय जाते' या प्रश्नाला त्याचे उत्तर जवळजवळ 'काहीच नाही' असे आहे. निरव पटेल यांनी स्थापलेल्या या कंपनीचे पहिले यंत्र २०२१ मध्ये आले. पडदा, बिजागरी, कीबोर्ड, बॅटरी, पोर्ट, अगदी पडद्याभोवतीची चौकटही स्वतंत्र विकत मिळते आणि सोबत आलेल्या एकाच पेचकसाने बसते. प्रत्येक भागावर एक कोड छापलेला असतो, तो फोनने वाचला की त्याच भागाचे मार्गदर्शन उघडते. २०२१ च्या १३ इंची सांगाड्यात पुढच्या पिढ्यांचे मदरबोर्ड बसतात आणि काढलेला जुना बोर्ड छोट्या डब्यात घालून घरचा संगणक म्हणून वापरता येतो. माझा तसा वापरात आहे.

तरीही दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. एक, मी इंटेलच्या अकराव्या पिढीवरून एएमडीच्या ७०४० मालिकेच्या बोर्डवर गेलो तेव्हा डीडीआर४ रॅम निरुपयोगी झाली आणि डीडीआर५ नव्याने घ्यावी लागली. दोन, याच कंपनीने २०२५ मध्ये जो डेस्कटॉप जाहीर केला त्यात मेमरी सोल्डर केलेली आहे. एएमडीच्या त्या प्रोसेसराला २५६ बिटांचा रुंद मार्ग लागतो आणि पूर्ण वेगाने ते खाचेत साधले नाही, असे कंपनीने उघडपणे सांगितले. दुरुस्तीच्या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या कंपनीलाही तसे करावे लागले, यावरून पाटाचे पाणी यांनी सांगितलेली पहिल्या प्रकारातली अडचण खरी आहे हे पटते.

कायद्याविषयी थोडे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण लिहावे लागतात. कागदपत्रे उपलब्ध आहेत का, उघडायला किती सोपे, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि त्यांची किंमत मूळ वस्तूच्या मानाने किती, अशा निकषांवर ते ठरतात. किमतीचा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ३१,००० चा बोर्ड 'उपलब्ध' असूनही उपयोगाचा नसतो. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून फोन-लॅपटॉपसारख्या वस्तूंतल्या बॅटऱ्या काही अपवाद वगळता वापरणाऱ्याला सहज मिळणाऱ्या साधनांनी काढता आल्या पाहिजेत. २०२४ च्या दुरुस्तीच्या हक्काच्या निर्देशात मात्र फोन, टॅबलेट, धुलाई यंत्रे आहेत, लॅपटॉप अजून नाहीत.

पाटाचे पाणी

भारतातही हालचाल आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट आहेत. इथेही लॅपटॉप बाहेरच राहिला, हे मला खटकते. विद्यार्थ्याच्या घरातली फोननंतरची सर्वांत महाग वस्तू बहुधा तीच असते.

रत्नदुर्ग

रत्नागिरीत एका संस्थेची २२ यंत्रांची प्रयोगशाळा मी सांभाळतो. आम्ही २०२३ मध्ये कंपन्यांतून निघालेले जुने थिंकपॅड टी४८० घेतले. २०१८ चे मॉडेल, रॅमच्या दोन खाचा, एक बॅटरी आत आणि एक बाहेरून खटक्याने निघणारी. आतल्या बॅटरीवर यंत्र चालू ठेवून मागची बॅटरी बदलता येते, त्यामुळे वीज गेली तरी तास थांबत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला तेव्हा आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्याने ही यंत्रे विंडोज ११ वर गेली. त्यांच्याहून एकच पिढी जुनी, हार्डवेअरने धडधाकट असलेली आमची चार यंत्रे मात्र अधिकृतपणे जाऊ शकली नाहीत. तिथे आम्ही लिनक्स घातले. सुटे भाग मिळूनही सॉफ्टवेअरमुळे यंत्र बाद होते, हा या चर्चेत सुटलेला मुद्दा आहे.

कोकणातला अनुभव असा, की खारट दमट हवेत खाचेतले स्पर्शबिंदूही गंजतात. दर पावसाळ्यानंतर आठ-दहा पट्ट्या काढून पुसाव्या लागतात. सोल्डर केलेल्या मेमरीला हा त्रास नाही. तरी मी खाचच घेईन, कारण पुसण्याचे काम आमच्या विद्यार्थिनी स्वतः करतात.

बॅटरी बदलणाऱ्यांना विनंती, की लेबलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. विंडोजच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' बॅटरी-अहवालाची आज्ञा दिली की मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसते. नव्या बॅटरीत दोन्हींत मोठे अंतर दिसले, तर ती त्याच दिवशी परत करावी.

ईझारकाठचा

आणि एक. मदरबोर्ड बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे साठवलेली माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लिहून घ्या. ते कुलूप जुन्या बोर्डच्या सुरक्षा-चिपशी बांधलेले असते. माहिती साठवणारी एसएसडी निघत असली तरी नव्या बोर्डवर ती या पुनर्प्राप्ती-किल्लीशिवाय उघडत नाही. एसएसडीही सोल्डर केलेली असेल, तर बोर्डसोबत सारेच जाते. तिथे बाहेरची प्रत ठेवण्यावाचून उपाय नाही.

हिरवा चाफा

सर्वांचे मनापासून आभार. पाटाचे पाणी यांचा अंदाज बरोबर होता. चिपांवरचे क्रमांक भिंगातून वाचले. ती साधी डीडीआर४ आहे. म्हणजे माझ्या यंत्रात खाच न देण्याला वेगाचे कारण नव्हते, आणि याचे मला खरोखर वाईट वाटले.

किल्ली लिहून घेतली, एसएसडी काढून ठेवली आणि बोर्ड कुरियरने पुण्याला पाठवला. तिसऱ्या क्रमांकाची चिप खराब निघाली. तशीच चिप दुसऱ्या बोर्डवरून काढून बसवली गेली. कुरियरसह एकूण खर्च २,६०० रुपये आला. काल रात्रभर मेमरीची तपासणी चालू ठेवली होती. सकाळी पाहिले तेव्हा चारही फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या आणि चुकांच्या रकान्यात शून्य होते.

बिजागरी कडक झालेली आहेच. पोह्यांची पुरचुंडी, तुम्ही सांगलीच्या आसपास असाल तर येत्या रविवारी मुलाला घेऊन या. पाठ उघडणारच आहे. कोणता भाग कशाला जोडलेला आहे, ते त्याला प्रत्यक्ष पाहता येईल.